ई-शिक्षणाच्या नोंदी आणि वर्गांतील मूल

प्राथमिक शाळेंतील पाटी हें मोठें बोलकें साधन होतें. मुलगा पाटीवर गणित मांडीत असतां गुरुजी त्याच्या पाठीमागें उभे राहात, आणि त्याची पेन्सिल कोठें अडखळते, कोणता आंकडा तो पुसून पुन्हां लिहितो, शेजाऱ्याच्या पाटीकडे तो केव्हां डोकावतो, हें सर्व त्यांना एका दृष्टिक्षेपांत समजे. उत्तर चुकलें एवढेंच नव्हे, तर तें कोणत्या पायरीवर चुकलें हेंहि कळे. पाटीचा दोष एवढाच कीं, ती पुसली जाते. दुसऱ्या दिवशीं त्या अडखळण्याची खूण कोठेंच उरत नाहीं. उरली तर ती गुरुजींच्या आठवणींत उरते, आणि चाळीस मुलांच्या वर्गांत आठवणीलाहि मर्यादा असतात.

पुढें शिक्षण वर्गाच्या भिंतींबाहेर जाऊं लागलें. मुंबईस १९२७ सालीं आणि नागपुरास १९४८ सालीं नभोवाणीचें केंद्र सुरू झालें. नभोवाणीचा पाठ एकाच वेळीं हजारों घरांत शिरतो खरा. पण पाठ देणाऱ्याला समोरचें मूल दिसत नाहीं. तें ऐकत आहे कीं पेंगत आहे, याचा त्याला पत्ता नसतो. १९७५-७६ सालीं उपग्रहाच्या साहाय्यानें सहा राज्यांतील सुमारें २,४०० खेड्यांत दूरदर्शनचे पाठ दाखविण्याचा मोठा प्रयोग आपल्या देशांत झाला, तेव्हांहि खेड्यांतील माणसांवर त्यांचा काय परिणाम झाला हें पाहण्यासाठीं संशोधकांना खेड्यांत जाऊन मुक्काम करावा लागला. पाठ आकाशांतून आला, पण उत्तर पायीं जाऊनच आणावें लागलें.

ई-शिक्षणानें या दोन्ही साधनांचे गुण एकत्र आणले आहेत, असें म्हणण्यास हरकत नाहीं. पाठ दूरवर पोंचतो, आणि मुलाच्या बोटाचा प्रत्येक स्पर्श लिहूनहि ठेवला जातो. धडा केव्हां उघडला, केव्हां मिटला, चित्रफीत कोठें थांबविली, प्रश्नाचा कोणता पर्याय निवडला, उत्तर पहिल्या प्रयत्नांत आलें कीं तिसऱ्या, मदत मागितली कीं नाहीं, विचार करण्यास किती सेकंद लागले, या सर्वांची यंत्र मुकाट्यानें टिपणी करीत असतें. या टिपणीला तंत्रज्ञ मंडळी ‘टेलिमेट्री’, म्हणजे दूरमापन, असें म्हणतात. आकाशांत सोडलेल्या यंत्राची उंची व उष्णतामान जमिनीवर बसून मोजण्याच्या विद्येंत हा शब्द रुळला. आतां तो पांचवींतल्या मुलाच्या वजाबाकीला लागला आहे.

महाराष्ट्रांत या गोष्टीची पूर्वतयारी कांहीं वर्षें चालू होती. २०१५ सालीं राज्यानें ‘सरल’ नांवाची संगणकीय प्रणाली सुरू करून प्रत्येक विद्यार्थ्याची नोंद एके ठिकाणीं आणण्यास आरंभ केला. २०१७ च्या सप्टेंबरांत केंद्र सरकारनें ‘दीक्षा’ हें व्यासपीठ खुलें केलें, आणि पाठ्यपुस्तकांच्या पानांवर काळ्यापांढऱ्या ठिपक्यांचे चौकोन, म्हणजे क्यूआर कोड, दिसूं लागले. मोबाईलचा डोळा त्या चौकोनावर धरला कीं धड्याची चित्रफीत किंवा स्वाध्याय उघडतो. सोलापूर जिल्ह्यांतील परितेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेंत रणजितसिंह डिसले या शिक्षकांनीं ही कल्पना आधींच आपल्या वर्गांत वापरून पाहिली होती. २०२० सालीं त्यांना जागतिक शिक्षक पुरस्कार मिळाला, तेव्हां दहा लक्ष डॉलरांपैकीं निम्मी रक्कम त्यांनीं अंतिम फेरींतील इतर नऊ शिक्षकांस वांटून दिली.

येथें एक भेद प्रथमच ध्यानांत घेतला पाहिजे, कारण पुढील बराच घोटाळा तो न पाळल्यानें होतो. दीक्षेवरील पाठ पाहण्यासाठीं नांव नोंदविण्याची सक्ति नाहीं. त्यामुळें कोणत्या इयत्तेच्या कोणत्या धड्याचा चौकोन किती वेळां उघडला गेला हें समजतें. तो कोणत्या मुलानें उघडला हें समजेलच असें नाहीं. अपूर्णांकांचा चौकोन इतर चौकोनांच्या तिप्पट वेळां उघडला गेला असेल, तर पुस्तकांतील तें प्रकरण अवघड उतरलें आहे असा तर्क पुस्तक लिहिणाऱ्याला करतां येईल. वर्गशिक्षकाला मात्र त्यांतून आपल्या वर्गांतील एकाहि मुलाविषयीं कांहीं सांगतां येणार नाहीं. गांवांत पाऊस किती पडला हें पर्जन्यमापक सांगतो. कोणाच्या शेतांत बियाणें उगवलें हें त्याला विचारण्यांत अर्थ नसतो.

मुलागणिक नोंदी मिळूं लागल्या त्या करोनाच्या साथींत. मार्च २०२० मध्यें शाळा बंद झाल्या, आणि त्याच वर्षाच्या नोव्हेंबरांत राज्य शैक्षणिक संशोधन व प्रशिक्षण परिषदेनें ‘स्वाध्याय’ नांवाचा उपक्रम हातीं घेतला. व्हॉट्सॲपवरून मुलाला दर आठवड्याला प्रश्नसंच येई, मूल उत्तरें पाठवी, आणि यंत्र तीं तपासून निकाल लगेच कळवी. ग्रामीण भागांतील पहिली ते चौथीचे वर्ग १ डिसेंबर २०२१ रोजीं पुन्हां भरले. म्हणजे ज्या मुलानें पहिलींत पाऊल ठेवतांच घर गांठलें, तें तिसरींत जाण्याच्या बेतास आलें होतें. २०२३-२४ पासून तिसरी ते आठवीच्या मुलांच्या पायाभूत व संकलित चाचण्यांचे गुण शिक्षक मोबाईलवरील चॅटबॉटांत भरूं लागले. ते पुण्याच्या विद्या समीक्षा केंद्रांत जमा होतात. गुण शिक्षक भरतो आणि वापराची नोंद यंत्र आपोआप करतें. दोहोंना एकच ‘डेटा’ हें नांव असलें तरी दोहोंची जात निराळी आहे.

आतां वऱ्हाडांतील इंझोरीकडे वळूं. वाशीम जिल्ह्याच्या मानोरा तालुक्यांतील हें गांव. १ जुलै १९९८ रोजीं अकोल्यापासून वेगळा झालेला हा जिल्हा आंकड्यांना अपरिचित नाहीं. २०१८ च्या जानेवारींत देशांतील मागें पडलेल्या जिल्ह्यांसाठीं ‘आकांक्षित जिल्हे’ ही योजना सुरू झाली, तींत महाराष्ट्रांतील चार जिल्ह्यांमध्यें वाशीमचें नांव आलें. त्या योजनेंत ४९ निर्देशकांवरून जिल्ह्याची चाल मोजली जाते, आणि त्या मोजणींत शिक्षणाला शंभरांत तीस भाग आहेत. जिल्ह्याचा आंकडा दिल्लीला कळतो. इंझोरीच्या शाळेंतील मुलगी वजाबाकींत कोठें चुकते हें इंझोरीच्या बाईंना कळतें का, हा प्रश्न त्याहून लहान दिसतो. परंतु जिल्ह्याचा आंकडा अशाच मुलींच्या उत्तरांची बेरीज आहे.

या भागांतील पांचवीचा एक वर्ग डोळ्यांपुढें आणावा. वर्ग कल्पित आहे. त्यांतील अडचणी मात्र कल्पित नाहींत. तीस मुलें आहेत. कापूस, तूर आणि सोयाबीन पिकविणारीं घरें. तालुक्यांत बंजारा तांडे पुष्कळ, त्यामुळें कांहीं मुलांची घरची बोली गोरमाटी, शाळेची भाषा मराठी. वजाबाकीचीं दहा गणितें मोबाईलवर दिलीं आहेत. त्यांपैकीं पांच बिनहातच्याचीं व पांच हातच्याचीं. तसेंच पांच नुसत्या आंकड्यांचीं व पांच शाब्दिक. प्रत्येकाखालीं चार पर्याय. संध्याकाळीं बाईंच्या हातीं जो तक्ता येतो त्यांत चार मुलांच्या नांवांपुढें एकच आंकडा आहे: दहांपैकीं पांच.

पहिल्या मुलीचीं उत्तरें उघडून पाहावींत. बावन्नांतून सत्तावीस गेले, उत्तर ३५. एक्याऐंशींतून शेहेचाळीस गेले, उत्तर ४५. साठांतून चोवीस गेले, उत्तर ४४. तिचीं सर्व बिनहातच्याचीं गणितें बरोबर आहेत आणि सर्व हातच्याचीं चूक आहेत. ही मुलगी निष्काळजी नाहीं. उलट ती आपल्या नियमाला अतिशय प्रामाणिक आहे. वरचा आंकडा असो वा खालचा, मोठ्यांतून लहान वजा करावयाचा, असा तिचा स्वतःचा नियम आहे. ‘दशक सुटा करणें’ ही एकच गोष्ट तिला कोणीं तरी हातांत जुड्या देऊन दाखविली पाहिजे.

दुसऱ्या मुलाचीं पहिलीं पांच गणितें, हातच्याचीं धरून, सर्व बरोबर आहेत. पुढचीं पांच उघडलेलींच नाहींत. त्याला वजाबाकी येते. त्याचा मोबाईल बाप शेतावर घेऊन गेला असेल, किंवा त्यांतील वीज संपली असेल. तिसऱ्यानें दहाहि गणितें मिळून अर्ध्या मिनिटांत संपविलीं. तीन सेकंदांत गणित वाचूनहि होत नाहीं. त्यानें बोटाला येईल तो पर्याय दाबला आहे. चार पर्यायांत अंदाजानें दाबीत गेल्यास दहांपैकीं दोनतीन उत्तरें सहज बरोबर येतात, आणि तीस मुलांनीं असेंच केल्यास त्यांतील दोघांना तरी पांच किंवा अधिक गुण मिळावेत असा संभवशास्त्राचा हिशेब आहे. चौथ्या मुलाचीं आंकड्यांचीं पांचहि गणितें बरोबर, शाब्दिक पांचहि चूक. ‘कितीनें कमी’, ‘शिल्लक किती’ या शब्दांपाशीं तो बराच वेळ थांबतो असें नोंद सांगते. त्याला गणित येतें, मराठी अडवते.

चौघांचा गुण एक, आणि चौघांना हवा असलेला उपाय चार प्रकारचा. सरासरीच्या आंकड्यावर विसंबून बाईंनीं चौघांनाहि वजाबाकीचा तोच धडा पुन्हां शिकविला, तर पहिल्या मुलीचा नियम आणखी पक्का होईल, दुसरा कंटाळेल, तिसरा पुन्हां पर्याय दाबील, आणि चौथ्याला आपण गणितांत ‘ढ’ आहों असें वाटूं लागेल. या चौथ्या मुलाचें पुढें काय होतें, हें ज्यांनीं वर्ग चालविले आहेत त्यांना सांगावयास नको.

चुकींतहि नियम असतो, हा शोध नवा नाहीं. अमेरिकेंत ब्राऊन आणि बर्टन या दोन संशोधकांनीं १९७८ सालीं वजाबाकींतील अशा पद्धतशीर चुकांवर एक निबंध प्रसिद्ध केला. मूल चुकतें तें बहुतांशीं योगायोगानें नव्हे, तर एखादी चुकीची रीत तें इमानें पाळीत असल्यामुळें, असें त्यांचें म्हणणें होतें. अशा कित्येक चुकीच्या रीतींची त्यांनीं यादी केली. शून्यांतून वजा करण्याची वेळ आली कीं सरळ शून्य लिहिणें, किंवा हातचा घेऊन पुढच्या स्थानांतून तो कमी करावयाचें विसरणें, या आपल्याकडील शिक्षकांच्याहि ओळखीच्या आहेत. यंत्राला उत्तरांची संपूर्ण नोंद दिली, तर मूल यांपैकीं कोणती रीत पाळतें हें तें ओळखूं शकतें. अट एवढीच कीं, नोंदींत ‘चूक’ एवढाच शब्द नसावा, मुलानें दिलेलें उत्तरहि असावें. आपल्याकडील कित्येक तक्त्यांत नेमकें तेंच गाळलेलें असतें.

‘प्रगति’ या नांवाखालीं यंत्र जो टक्का दाखवितें तो कसा निघतो, हेंहि पाहण्यासारखें आहे. १९९० नंतरच्या दशकांत कॉर्बेट व अँडरसन यांनीं मांडलेली रीत आजहि पुष्कळ ठिकाणीं वापरतात. तिची मूळ कल्पना साधी आहे. मुलाला एखादें कौशल्य येत असण्याचा संभव आरंभीं समजा शंभरांत चाळीस धरला. येत नसूनहि अंदाजानें उत्तर बरोबर येण्याचा संभव पंचवीस, कारण पर्याय चार. आणि येत असूनहि हातून चूक होण्याचा संभव दहा. आतां मुलानें एक उत्तर बरोबर दिलें, तर हिशेबानें त्याला तें कौशल्य येत असण्याचा संभव चाळिसांवरून सुमारें सत्तरांवर जातो. दुसरेंहि बरोबर आलें तर नव्वदांच्या आसपास. तिसरें चुकलें, तर तो एकदम चोपन्नांच्या घरांत उतरतो. सराव करतां करतां मूल शिकतेंहि, त्याचा भाग येथें सोडून दिला आहे. तात्पर्य काय, तर पडद्यावरील ‘नव्वद टक्के’ म्हणजे शंभरांपैकीं नव्वद गुण नव्हेत. ती यंत्राची अटकळ आहे. दोन उत्तरांवर बांधलेली आणि तिसऱ्या उत्तरानें कोसळणारी. पालकसभेंत हा आंकडा गुणांप्रमाणें वाचून दाखविणें म्हणजे हवामानाच्या अंदाजावरून पीक मोजण्यासारखें आहे.

वेळेच्या नोंदीविषयीं तर अधिकच सावध राहिलें पाहिजे. चित्रफीत चालू ठेवून मूल बाहेर खेळावयास गेलें, तरी चाळीस मिनिटें अभ्यास झाल्याची नोंद होऊं शकते. एका घरांत एक मोबाईल आणि तीन भावंडें असतील, तर पांचवीच्या मुलाच्या नांवावर आठवीच्या बहिणीनें उत्तरें दिलेलीं असूं शकतात. त्या दिवशीं मूल अकस्मात् हुशार होतें. संपर्क नसतांना सोडविलेलीं गणितें मोबाईलांत साठून राहतात व तालुक्याच्या बाजाराला गेल्यावर एकदम पोंचतात, आणि तक्त्यावर सहा दिवस शून्य व सातव्या दिवशीं मोठा ढीग असा आलेख उमटूं शकतो. यंत्र खोटें बोलत नाहीं. तें मोबाईलविषयीं खरें सांगतें, आणि आपण तें मुलाविषयीं समजतों.

ऋतूंचेंहि तसेंच. दिवाळीच्या सुमारास कापसाची वेचणी सुरू होते, आणि वऱ्हाडांतील कित्येक घरांतून मुलांचे हातहि त्या कामीं लागतात. कांहीं कुटुंबें ऊसतोडीला किंवा वीटभट्टीवर जातात. या काळांत वापराचा आलेख खालीं आला, तर तो धड्याचा दोष नव्हे आणि मुलाचा आळसहि नव्हे. मात्र ज्या मुलाची नोंद वेचणी संपल्यावरहि पूर्वपदावर येत नाहीं, त्याच्या घरीं कोणीं तरी जाऊन यावें. हजेरीपत्रकांत ‘गैरहजर’ हा शब्द पडण्याआधीं पंधरा दिवस मुलाचें लक्ष उडालेलें असतें. तें लक्ष उडणें जर नोंदींत वेळेवर दिसलें, तर एखादें मूल शाळेंतून गळतां गळतां राहूं शकेल. या नोंदींचा सर्वांत मोलाचा उपयोग हाच असावा.

अधिक वापर करणारीं मुलें अधिक गुण मिळवितात, म्हणून वापर वाढवावा, असा एक निष्कर्ष वारंवार काढला जातो. तो ऐकतांना अमेरिकेंतील पर्ड्यू विद्यापीठाची हकीकत आठवावी. तेथें २००७ सालापासून वापराच्या व गुणांच्या नोंदींवरून प्रत्येक विद्यार्थ्यापुढें लाल, पिंवळा किंवा हिरवा दिवा दाखविण्याची पद्धति सुरू झाली. असे दिवे असलेले विषय ज्यांनीं अधिक घेतले, ते विद्यार्थी विद्यापीठांत अधिक टिकले असें जाहीर झालें, आणि पुष्कळ ठिकाणीं त्याचें अनुकरण झालें. २०१३ सालीं टीकाकारांनीं प्रश्न केला कीं, दिव्यांमुळें विद्यार्थी टिकले, कीं टिकले म्हणून त्यांना दिव्यांचे विषय अधिक घेतां आले? जो पहिल्याच वर्षीं सोडून गेला त्याच्या खात्यांत असे विषय थोडेच असणार. शहरांतील सुशिक्षित घरांनाहि हा प्रश्न लागू आहे. मुलाच्या हातीं स्वतंत्र टॅब असतो, आणि दर आठवड्याला आईवडिलांच्या मोबाईलवर रंगीत पत्रक येतें: इतके तास, इतकी पदकें, इतके दिवस खंड न पडतां. पत्रक पाहून समाधान वाटतें. परंतु ज्या घरांत टॅब, वेगळी खोली आणि विचारावयास शिकलेली आई आहे, त्या घरांतील मुलाचे गुण टॅबमुळें वाढले कीं खोली व आई यांमुळें, हें पत्रक सांगत नाहीं. २०२४ च्या ‘असर’ पाहणींत स्मार्टफोन वापरतां येणाऱ्या चौदा ते सोळा वर्षांच्या ग्रामीण मुलांपैकीं सुमारें सत्तावन्न टक्क्यांनीं मागील आठवड्यांत स्मार्टफोनवर कांहीं तरी शिक्षणाचें काम केल्याचें सांगितलें. समाजमाध्यमें पाहणारीं मात्र शेंकडा शहात्तर होतीं. यंत्र हातीं असणें आणि त्यावर शिकणें यांतील अंतर खेड्यांत जसें आहे तसें तें शहरांतहि आहे.

याचा अर्थ नोंदी निरुपयोगी, असा कोणीं करूं नये. दिल्लींत ‘माइंडस्पार्क’ या संगणकीय पाठांचा ६१९ मुलांवर काळजीपूर्वक अभ्यास झाला व तो २०१९ सालीं प्रसिद्ध झाला. कोणाला संधि द्यावयाची हें चिठ्ठ्या टाकून ठरविलें असल्यानें वर सांगितलेली शंका तेथें उरत नाहीं. त्या नोंदींवरून असें दिसलें कीं, सहावींतील सर्वसाधारण मूल गणितांत आपल्या इयत्तेच्या सुमारें अडीच इयत्ता मागें होतें. पुस्तक सहावीचें आणि मूल तिसरीचौथीच्या मध्यें. यंत्रानें प्रत्येकाला त्याच्या पायरीवरचा पाठ दिला, आणि साडेचार महिन्यांत गणित व भाषा या दोहोंत ठळक सुधारणा झाली. तेथें रोजच्या दीड तासांपैकीं अर्धा वेळ यंत्रापुढें आणि उरलेला अर्धा लहान गटांत शिकविणाऱ्या माणसापुढें जात असे, ही गोष्ट मात्र जाहिरातींत सहसा सांगितली जात नाहीं.

नोंदी कोणाच्या, हा प्रश्नहि टाळतां येणार नाहीं. पाटी पुसली जाते हा तिचा दोष वर सांगितला. तो तिचा गुणहि होता. दहाव्या वर्षीं केलेली वजाबाकीची चूक विसाव्या वर्षीं कोणाच्या हातीं पडावी असें कोणालाहि वाटणार नाहीं. भारतांत २०२३ सालीं वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा कायदा झाला. अठरा वर्षांखालील मुलाची माहिती घेण्यासाठीं पालकाची संमति त्यानें आवश्यक ठरविली, आणि मुलांच्या वर्तनावर पाळत ठेवण्यास मनाई केली. शाळांना त्यांच्या शैक्षणिक कामापुरती सूट नियमांत आहे. सूट योग्यच आहे, नाहीं तर बाईंना तक्ताच पाहतां येणार नाहीं. परंतु संमति म्हणजे इंग्रजी मजकुराखालील ‘मान्य’ या शब्दावर बोट टेकणें, एवढाच अर्थ राहिला तर ती संमति नव्हे. मुलाविषयीं काय टिपलें जातें, कोण पाहतें आणि केव्हां पुसलें जातें, हें पालकसभेंत मराठींत, आणि जेथें तांड्यांतील पालक असतील तेथें त्यांच्या बोलींत, सांगितलें गेलें पाहिजे. त्याला दहा मिनिटें पुरतात.

शिक्षकांची तक्रार निराळीच असते, आणि ती रास्त आहे. माहिती भरण्याचें काम त्यांचें. ती भरली कीं वर जाते, आणि वरून खालीं येते ती बहुधा ‘तुमच्या शाळेची नोंद अपुरी आहे’ या स्मरणपत्राच्या रूपानें. एका शिक्षकाकडे दोन इयत्ता असतील, तर बारा रंगांचे आलेख पाहण्यास त्याला सवड कोठून मिळणार? त्याला हवा असतो अर्ध्या पानाचा कागद, आणि त्यांत तीनच गोष्टी: मुलें कोणत्या कौशल्यावर अडलीं, तीं कोणकोणतीं, आणि कोणत्या प्रकारची चूक करून अडलीं. अंदाजानें पर्याय दाबणाऱ्यांचीं व अर्ध्यावर थांबलेल्यांचीं नांवें वेगळीं लिहावींत, म्हणजे तीं चुकणाऱ्यांत मिसळणार नाहींत.

असा कागद त्या कल्पित वर्गांत सोमवारीं सकाळीं हातीं आला असें समजूं. मोठ्यांतून लहान वजा करणारीं मुलें त्यांत सात आहेत. बाई उरलेल्या वर्गाला लेखनाचें काम देतात, सातजणांना ओसरीवर घेऊन बसतात, आणि आगपेटीच्या काड्यांच्या दहादहांच्या पांच जुड्या व दोन सुट्या काड्या त्यांच्यापुढें ठेवतात. यांतून सत्तावीस काड्या काढून द्या. मुलें दोन जुड्या बाजूला काढतात. सात सुट्या काड्या मागितल्यावर हात थांबतो, कारण सुट्या दोनच आहेत. मग कोणी तरी जुडीचा दोरा सोडतें. तो सुटलेला दोरा कोणत्याहि नोंदींत दिसत नाहीं, पण पुढच्या पांच गणितांच्या उत्तरांत त्याचा परिणाम दिसतो. गुरुवारीं तीं पांच गणितें मोबाईलवर दिलीं, आणि सातांपैकीं पांच मुलांचें ३५ जाऊन २५ आलें. उरलेल्या दोघांचें ३५ च राहिलें. त्या दोघांपैकीं एकानें प्रत्येक गणिताला मिनिटभर घेतलें आहे, दुसऱ्यानें तीन सेकंद. शुक्रवारीं बाईंनीं पहिल्यापुढें पुन्हां जुड्या ठेवावयाच्या आहेत. दुसऱ्याला मोबाईल बाजूला ठेवावयास सांगून, पाटीवर एक गणित मांडावयास लावून, त्याच्या पाठीमागें उभें राहावयाचें आहे.